तळं बुजवण्याआधी आत बघूया

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या डोंगरउताराच्या एका वाडीतल्या बचत गटाच्या बाया. आज बोलणार आहोत आमच्या परसबागेतल्या तळ्याबद्दल. तळं म्हणजे फार मोठं नाही. दहा फूट लांब, सात फूट रुंद आणि मधोमध जेमतेम दोन फूट खोल. गटाच्या परसबागेच्या सखल कोपऱ्यात पावसाचं पाणी तसंही साचायचं, तिथेच आम्ही ते खोदलं. हेतू साधा होता. बेडूक येतील, भाजीवरचे किडे खातील, उन्हाळ्यात पाखरांना प्यायला पाणी मिळेल.

दुसऱ्या पावसाळ्यात वाडीत डेंगी आला. तिघं आजारी पडले. त्यात आमच्याच गटातल्या एकीचा सात वर्षांचा मुलगा होता. लोकांचं बोट सरळ तळ्याकडे गेलं. ‘बायांनी डास पाळलेत,’ असं पारावर बोललं जाऊ लागलं. आमच्यातल्याही चौघी म्हणाल्या, बुजवून टाकू. जिचं लेकरू दवाखान्यात होतं ती तर म्हणाली, “मला फावडं द्या, मीच बुजवते.” तिला काय उत्तर देणार? तळ्यात नक्की काय राहतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दीड वर्षं आम्ही काठाने ये-जा करत होतो, पण आत कुणी बघितलं नव्हतं.

आशाताई म्हणाल्या, “फावडं दोन दिवस राहू द्या. आधी अळ्या कुठे आहेत ते शोधू.” त्या दोन दिवसांत आणि नंतरच्या दोन वर्षांत आम्ही जे शिकलो, ते तुम्हाला सांगतो.

बशी, गाळणी आणि वही

तळं बघायला फार काही लागत नाही. एक पांढरी बशी किंवा पांढरं प्लास्टिकचं झाकण, चहाची जुनी गाळणी आणि लांब दांड्याचा पळा, एवढंच. पळ्याने काठाजवळचं पाणी घ्यायचं, बशीत ओतायचं आणि दोन मिनिटं गप्प बसायचं. आधी काहीच दिसत नाही. मग एक ठिपका हलतो, दुसरा हलतो, आणि बघता बघता बशी भरून जिवंत होते. पाणी पांढऱ्यावर घेतलं की बारीक जीवही दिसतो. काळ्या टोपल्यात किंवा घमेल्यात घेतलं तर काही दिसत नाही, हे आम्ही करून बघितलंय.

बघून झालं की पाणी हलकेच परत तळ्यात सोडायचं आणि वहीत नोंद करायची. बचतीच्या वहीसारखीच ही वही. आमच्यातल्या काहींना लिहिता येत नाही, त्या चित्र काढतात. अळीसाठी वाकडी रेघ, चतुरासाठी फुली, बेडकाच्या पिल्लासाठी शेपटीवाला ठिपका. दर रविवारी दहा पळे पाणी बघायचं, हा नियम.

डासाची अळी कशी ओळखायची

डासाची अळी पाण्यात वळवळते, पण तिला श्वासासाठी वर यावं लागतं. डेंगी पसरवणाऱ्या डासाची आणि गटारीत वाढणाऱ्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठाला शेपटाकडून लटकते, डोकं खाली. शेपटाजवळ श्वासाची बारीक नळी असते. हिवताप पसरवणाऱ्या डासाच्या अळीला अशी नळी नसते, म्हणून ती पाण्याला समांतर, आडवी पडून राहते. सावली पडली की सगळ्या झपकन खाली जातात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्याकडच्या उष्ण दिवसांत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. सात दिवसांच्या आत पाणी ओतलं, तर अळीचा डास होण्याआधीच ती संपते.

त्या दिवशी आम्ही आशाताईंबरोबर घराघरांत गेलो. अळ्या कुठे सापडल्या सांगू? झाकण नसलेल्या पिंपात. छपरावर टाकलेल्या टायरात. तुळशीजवळच्या कुंडीखालच्या ताटलीत. कोंबड्यांच्या पाण्याच्या फुटक्या मडक्यात. एका घरी फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये. आणि जी मैत्रीण फावडं मागत होती, तिच्या मोरीतल्या रांजणातही. तिला ते दाखवताना आमच्यापैकी कुणाला आनंद झाला नाही. रांजण तिने रोज विसळला होता, पण घासला नव्हता. डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात. पाणी ओतलं तरी ती तिथेच राहतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की उमलतात. म्हणून नुसतं ओतून चालत नाही, काथ्याने किंवा ब्रशने घासावं लागतं. हा डास दिवसा चावतो, घराजवळच राहतो आणि त्याला भांड्यातलं साठवलेलं पाणी आवडतं.

मग आम्ही तळ्याकडे आलो. दहा पळ्यांत डासाच्या दोनच अळ्या निघाल्या. पण गोष्ट तिथे संपली नाही. तळ्याच्या काठाला शेजारची म्हैस पाणी प्यायला येऊन गेली होती. तिच्या खुरांचे ठसे चिखलात उमटले होते आणि प्रत्येक ठशात वाटीभर पाणी साचलं होतं. त्या वाट्या अळ्यांनी गजबजलेल्या होत्या. एका हातावर तळं आणि खुराचा ठसा, पाणी तेच, माती तीच. मग फरक कशाचा? ठशात अळ्या खाणारं कुणीच नव्हतं. तळ्यात होतं.

आमच्या मते डबकं आणि तळं यांतला फरक हाच आहे. पाणी किती साचलंय यापेक्षा त्यात कोण राहतं हे महत्त्वाचं. मात्र एक गोष्ट सरळ सांगतो. तळ्यात डास होतच नाहीत असं नाही. हिवतापाचा डास गवताळ काठाच्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. म्हणून तळं ठेवायचं तर दर आठवड्याला बघायचं. हे जमणार नसेल, तर तळं न केलेलं बरं.

अळ्या खाणारे पाहुणे

गप्पी मासे सोडले तर आम्ही तळ्यात एकही प्राणी आणून सोडला नव्हता. मग हे सगळे आले कुठून? पाण्यातले बरेच किडे रात्री उडतात आणि चमकणाऱ्या पाण्यावर उतरतात. चतुर उडत येऊन अंडी घालतो. बेडूक पावसात चालत येतात. गोगलगायी रोपांच्या मुळांबरोबर येतात. आपण फक्त पाणी द्यायचं, बाकीचे आपले आपण येतात.

पाण्यावर लांब पायांनी घसरत चालते ती निवळी. वरून पाण्यात पडलेले बारीक किडे ती पकडते. दुसरा एक किडा पाठ खाली करून उलटा पोहतो, वल्ह्यासारखे दोन लांब पाय मारत. तो डासाच्या अळ्यांचा मोठा शत्रू. त्याला हातात मात्र घेऊ नका, सणकून चावतो.

सगळ्यात नवल वाटलं ते चतुराचं. लहानपणी आपण सगळ्यांनीच चतुराची शेपटी धरून त्याला दोरा बांधलाय. पण हा उडणारा चतुर आयुष्याचा आधीचा भाग पाण्यात काढतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्याची अळी मातकट रंगाची, सहा पायांची, बसकी. गाळात दबा धरून बसते. तिचा खालचा ओठ हाताची घडी घातल्यासारखा दुमडलेला असतो. शिकार टप्प्यात आली की तो ओठ झटक्यात पुढे फेकून ती पकडते. डासाच्या अळ्या, बेडकाची लहान पिल्लं, काही सोडत नाही. श्वास घेते तो मागच्या टोकातून पाणी आत ओढून, आणि घाई असली की तेच पाणी जोराने मागे सोडून पुढे उसळी मारते. वाढ पूर्ण झाली की ती पहाटेच्या सुमारास एखाद्या देठावर चढते, पाठीवर कातडी उलते आणि आतून चतुर बाहेर येतो. रिकामी कात देठाला तशीच चिकटून राहते. सकाळी जाऊन अशा काती मोजा. किती चतुर आपल्या तळ्याने दिले, त्याचा तो हिशेबच.

चतुर आणि टाचणी यांतला फरक सोपा आहे. बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवतो तो चतुर. बहुतेक टाचण्या पंख पाठीवर मिटून घेतात, आणि त्यांचं अंग शिवणाच्या टाचणीसारखं बारीक असतं. पावसाळा संपताना शेतावर जे पिवळसर चतुर थव्याने घिरट्या घालतात, त्यांतले काही वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असं अभ्यासक सांगतात. आपल्या पाटाजवळचा एवढासा जीव, पण किती लांबचा प्रवासी!

बेडकांचं बाळंतपण

पहिला मोठा पाऊस झाला की रात्रभर बेडूक ओरडतात. ते ओरडणारे नर असतात, माद्यांना बोलावतात. मोठ्या बेडकाचे नर त्या दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. आमच्याकडे काही जण म्हणाले, हे विषारी बेडूक कुठून आले? ते विषारी नाहीत. विणीचे दिवस सरले की रंग उतरतो आणि तो आपला नेहमीचा मातकट-हिरवा बेडूक होतो.

सकाळी काठाला बघावं तर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा चिकट पुंजका दिसतो, मधे काळा ठिपका. ती बेडकाची अंडी. पोत ओवल्यासारखी लांबच लांब माळ असेल, तर ती खरबरीत अंगाच्या भेकाची. आणि तळ्यावर झुकलेल्या पानाला दुधाचा फेस लागल्यासारखा गोळा दिसला, तर तो झाडबेडकाचा. त्या फेसात अंडी ओलसर राहतात आणि पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकीने तो फेस घाण समजून काठीने काढून टाकला होता. आज ती स्वतःच सगळ्यांना ‘हात लावू नका’ म्हणून सांगते.

अंड्यांतून शेपटीवाली पिल्लं निघतात, त्यांना बेडूकमासे म्हणतात. त्यांना आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, आणि शेपटी हळूहळू अंगातच जिरते. साधारण महिना-दीड महिन्यात नखाएवढी बेडकं काठावर येतात. शेकडो अंड्यांतून थोडीच तगतात. बाकीची चतुराच्या अळीच्या, ढोकरी बगळ्याच्या, खंड्याच्या, दिवडाच्या पोटात जातात. सुरुवातीला आम्हाला वाईट वाटायचं. आता समजतं की तळ्याचा प्रपंच असाच चालतो. शेवाळ खाऊन बारीक जीव वाढतात, त्यांच्यावर अळ्या, अळ्यांवर बेडूक आणि बेडकावर बगळा. मधली एक कडी काढली की खालची अतोनात वाढते.

बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणी शोषतो. म्हणून पाण्यातलं विष त्याला सगळ्यात आधी बाधतं. फवारणीचा पंप तळ्याकाठी धुवायचा नाही, हा आमचा पक्का नियम. एके काळी आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशात खाण्यासाठी पाठवले जायचे. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. शेतातला बेडूक शेतातच राहिलेला बरा.

पाण्यातली झाडं

तळ्यात तीन जागची झाडं हवीत. पहिलं पाण्याखालचं. हायड्रिला ओढ्यात मिळतो. उन्हात बघितलं तर त्याच्या पानांवर बारीक बुडबुडे दिसतात, तो प्राणवायू. पाण्यातले जीव त्यात लपतातही. दुसरं, तरंगत्या पानांचं. कुमुदाचा एक कंद गाळात लावला की पुरे. त्याची पानं पाण्यावर सावली धरतात, त्यामुळे शेवाळ आटोक्यात राहतं. तिसरं, काठाचं. अळू तर आपलंच. बाळगुटीत उगाळतो ते वेखंड, आणि ब्राह्मी. गोल पानांच्या ब्राह्मीला मंडूकपर्णी म्हणतात, आणि मंडूक म्हणजे बेडूक. जुन्या लोकांनी नाव ठेवताना काठाशी बसून बघितलं असणार.

जलपर्णी मात्र फुकट मिळाली तरी आणू नका. जांभळं फूल देखणं असतं, पण ती दक्षिण अमेरिकेतली वनस्पती, दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि सगळं पाणी झाकून टाकते. खाली उजेड नाही, हवा नाही. कोंबड्यांसाठी अझोला करत असाल तर त्याचा खड्डा वेगळा ठेवा. तळ्यात तोही असाच पसरतो.

आमच्या चुका

नवं तळं पहिल्या महिन्यात हिरवंगार झालं, पालकाच्या पातळ भाजीसारखं. आम्ही घाबरून त्यात टीसीएल पावडर टाकायला निघालो होतो. बरं झालं टाकली नाही. नव्या पाण्यात झाडं कमी आणि ऊन भरपूर, म्हणून शेवाळ माजतं. झाडं वाढली तसं पाणी आपोआप निवळलं. नळाचं पाणी घालायचं झालं, तर आधी उघड्या भांड्यात दोन दिवस उन्हात ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातं. ही भांडी तिसऱ्या दिवशी रिकामी झालीच पाहिजेत, नाहीतर तिथेच डास व्हायचे. मोरीचं साबणाचं पाणी तळ्यात नको, ते शोषखड्ड्यात.

दुसरी चूक गप्पी माशांची. ते आम्ही पहिल्याच वर्षी तळ्यात सोडले. गप्पी डासाच्या अळ्या खातो हे खरं, पण बेडकाची नुकती निघालेली पिल्लंही सोडत नाही. तोही परदेशातून आलेला मासा. हौदात आणि टाकीत त्याचा उपयोग आहे, तिथेच ठेवावा. जिवंत तळ्यात त्याची गरज नाही, आणि ओढ्यात किंवा नदीत तर कधीच सोडू नये. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर आम्ही ते मासे काढून गोठ्याजवळच्या हौदात नेले.

तळं उन्हाळ्यात आटलं तर आटू द्या. मोठे बेडूक जमिनीत दडून बसतात, पावसाला वर येतात. गाळ काढायचा तर एका वर्षी एकच बाजू काढा. तो गाळ वाफ्याला उत्तम.

लेकरं आणि साप

आता जिवावरच्या दोन गोष्टी. वीतभर पाण्यातही तान्हं मूल बुडू शकतं. आम्ही भोवती कमरेएवढं बांबूचं कूड घातलंय आणि फाटकाला वर कडी लावलीय. काठ एका बाजूने तरी उतरता ठेवा. प्लास्टिकच्या कागदाचं, उभ्या कडांचं शेततळं किती घसरडं असतं हे तुम्हाला माहीत आहे. त्यात पडलेलं जनावर वर येऊ शकत नाही. आमच्या तळ्याची माती आम्ही पायाने तुडवून घट्ट केली आणि काठ परातीसारखा पसरट ठेवला. कोंबडीचं पिल्लू पडलं तरी चालत बाहेर येतं.

बेडूक आले की साप येणार. पाण्यात बहुधा दिवड दिसतो. तो बिनविषारी असतो, डिवचला तर चावतो. पण नाग, घोणसही फिरकू शकतात. म्हणून तळं उंबऱ्याला लागून नको. वाटेवरचं गवत कापलेलं असावं आणि रात्री बॅटरीशिवाय जाऊ नये. साप चावला तर कुठला साप होता याचा वाद घालत बसू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. थेट सरकारी दवाखाना गाठा.

वही कुणाकडे आहे

त्या मैत्रिणीचा मुलगा आठ दिवसांनी घरी आला. अशक्त झाला होता, पण बरा झाला. तळं बुजवायचं की ठेवायचं, याचा निर्णय आम्ही तिच्यावर सोडला. ती तळ्याकाठी बसली, बशीत पाणी घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली. चतुराची एक अळी डासाची अळी पकडताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. मग फावडं घेऊन तिने म्हशीच्या खुरांचे ठसे तेवढे बुजवले. आज तळ्याची वही तिच्याकडे असते. रविवारी ती दोन गोष्टींची नोंद घेते, तळ्यातल्या दहा पळ्यांची आणि वाडीतल्या घासलेल्या पिंपांची. एकीशिवाय दुसरीला अर्थ नाही, असं ती म्हणते आणि आम्हालाही ते पटलंय.

मैत्रिणींनो, तळं असो वा नसो, या आठवड्यात एक काम करा. एक पांढरी बशी घ्या आणि आपल्या घराच्या आजूबाजूला जिथे जिथे पाणी साचलंय, तिथलं एकेक पळं त्यात ओतून बघा. रांजण, टायर, कुंडी, पाट, विहिरीचा थारोळा. कुठे नुसत्या अळ्या आहेत आणि कुठे त्यांना खाणारे आहेत, ते वहीत लिहा. जिथे नुसत्या अळ्या असतील ते पाणी ओता, भांडं घासा. जिथे खाणारे असतील, तिथे फावडं उचलण्याआधी थोडं थांबा.